वय वर्षे सात आणि पुढे

युरोपातल्या बहुतेक देशांत व्हिडिओ गेमच्या डबीवर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा एक आकडा छापलेला असतो. त्या वयाखालच्या पोराच्या हाती हा खेळ देऊ नये, असा त्याचा अर्थ. २००३ पासून ‘पेगी’ नावाची व्यवस्था हे आकडे वाटते. आकड्याच्या जोडीला डबीच्या पाठीवर चित्रंही असतात. मारामारी असेल तर मूठ, भीतीदायक काही असेल तर कोळी, जुगार असेल तर फासे आणि अपशब्द असतील तर बोलण्याच्या फुग्यात काही खुणा. ही चित्रं ज्यांनी ठरवली ती माणसं विचारी असणार, पण त्यांच्यातलं कोणी सुरतेला येऊन राहिलेलं नाही हे उघड आहे. राहिलं असतं तर भीतीसाठी कोळी काढला नसता. उतराणीला इथल्या आभाळात स्पायडरमॅन छापलेले पतंग थव्याने उडतात आणि पाच वर्षांची पोरं गच्चीवर उभी राहून त्या कोळ्याला काटतात. फासेही काढले नसते. श्रावणात सातम-आठमला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पत्त्यांचं जे काही चालतं त्याला इथे कोणी जुगार म्हणत नाही, सण म्हणतात. राहिला अपशब्दांचा फुगा. सुरतेत वाक्याला कर्ता, कर्म आणि क्रियापद यांशिवाय आणखी एक अवयव असतो. त्याच्याकडे पुढे वळतो.

आमच्या घरी आलेल्या डबीवर ७ हा आकडा होता. लंडनच्या मावसभावाने येताना चिरंजीवांसाठी आणलेला खेळ. नाव ‘लेगो मार्व्हल सुपर हीरोज’. २०१३ सालचा म्हणजे तसा जुनाच, पण भावाने आणताना एकच गोष्ट पाहिली होती, आणि ती त्याने चपला काढता काढताच सांगून टाकली, “एकदम फॅमिली गेम आहे. सगळ्यांनी मिळून खेळा.”

त्याचं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं त्याने बोलायला नको होतं.

घरात तेव्हा गेम या शब्दालाच सगळे टरकून होते. २०१९ च्या मार्च महिन्यात राजकोटच्या पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि फोनवर खेळणारी कॉलेजची पोरं धरून नेली. सुरतेतही तसा हुकूम निघाला. तेव्हापासून आमचे आबा पोराच्या हातात फोन दिसला की आधी खिडकीतून खाली बघून घेतात. त्यामुळे नव्या खेळाची घरात रीतसर उलटतपासणी झाली. बंदुका आहेत का? आहेत, पण त्यांतून रक्त निघत नाही. माणसं मरतात का? नाही, त्यांचे तुकडे होतात. आबा दचकले. मग समजावून सांगावं लागलं, की यातली सगळी दुनियाच लेगोच्या ठोकळ्यांची आहे. नायकाला मार बसला की त्याचे ठोकळे सुटतात, टपटप खाली पडतात आणि पुढच्या क्षणी तो पुन्हा सांधला जाऊन उभा राहतो. जातात फक्त त्याच्या कमाईतली काही नाणी. ‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ असं आमच्या गावाचं म्हणणं आहे. त्यातलं मरण इतकं स्वस्त झालेलं पाहून आबांनी परवानगी दिली.

आम्ही उधन्याचे. मूळचे खानदेशातले. भुसावळकडून ताप्ती लाइनने निघालेली जी हजारो खानदेशी माणसं सुरतेला उतरली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली असं जिथे काम मिळालं तिथे घर करून राहिली, त्यांतलं एक घर आमचं. आबांची उमर लूमवर गेली. माझा मेहुणा अजूनही लूमवर आहे. मी रिंगरोडवरच्या कापड मार्केटात नामं लिहितो, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवतो. बायको घरी साड्यांना स्टोन लावते. आई मूळची अंमळनेरकडची. ती कुणाशीही, अगदी टीव्हीशीसुद्धा, अहिराणीतच बोलते. अशा घरात, बैठकीच्या खोलीत, रात्रीची जेवणं उरकल्यावर न्यूयॉर्क शहर उघडलं.

खेळाची गोष्ट थोडक्यात अशी. सिल्व्हर सर्फर नावाचा चंदेरी माणूस एका फळीवर उभा राहून अंतराळातून येतो. त्याची फळी फुटते आणि तिच्या ‘कॉस्मिक’ विटा पृथ्वीवर विखुरतात. त्या गोळा करून डॉक्टर डूम नावाच्या खलनायकाला एक यंत्र बनवायचं आहे. यंत्राचं नाव ‘डॉक्टर डूम्स डूम रे ऑफ डूम’. एकाच वस्तूवर स्वतःचं नाव तीनदा लावणारा माणूस मी याआधी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवरच पाहिला होता. डूमच्या विरुद्ध आयर्न मॅन, हल्क, स्पायडरमॅन आणि त्यांचा शंभराच्या वरचा गोतावळा. सगळ्यात शेवटी येतो गॅलॅक्टस. तो ग्रह खातो.

पहिलाच प्रसंग ग्रँड सेंट्रल स्टेशनात घडतो. सँडमॅन नावाच्या रेतीच्या माणसाने स्टेशन ताब्यात घेतलेलं असतं. आबांनी स्टेशन पाहिलं आणि म्हणाले, “गर्दी काहीच नाही.” छटपूजेच्या आधी उधना स्टेशन पाहिलेल्या माणसाचं हे मत असल्याने कोणी वाद घातला नाही. मात्र रेतीच्या माणसाविषयी त्यांना आदर वाटलेला दिसला. तापीतून इतकी वर्षं रेती उपसणारे शेवटी कुठल्या पदाला पोचतात, ते त्यांना प्रथमच समोर दिसत होतं.

खरा घोळ पुढे सुरू झाला. या खेळात पैसा मिळवायचा तर वस्तू फोडाव्या लागतात. बाकडं फोडा, कुंडी फोडा, दिव्याचा खांब पाडा, उभी गाडी उचलून आपटा. प्रत्येकातून नाणी उसळतात. चांदीचं नाणं १० चं, सोन्याचं १०० चं, निळं १,००० चं आणि जांभळं १०,००० चं. जग वाचवायला निघालेला हल्क वाटेत स्टेशनातलं एकही बाकडं शाबूत ठेवत नाही आणि त्याबद्दल त्याला कोणी नोटीस पाठवत नाही. चिरंजीव आनंदाने फोडत होते. माझा मात्र हात वहीकडे जात होता. मी शांतपणे म्हणालो, “बेटा, हे जमा झालं. आता नावे कुठे लिहिणार? बाकड्याचे पैसे कोण देणार?”

“पप्पा, तसं नसतं त्याच्यात.”

“सगळ्याच्यात तसंच असतं.”

सरकारी मालमत्ता फोडून त्यातून निघालेला पैसा खिशात घालणारा माणूस नायक कसा, हा माझा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो. पण मेहुण्याने मधेच विचारलं, की हा सुपरहीरो आहे की रस्त्याचा ठेकेदार, आणि घरातले सगळे हसल्यामुळे माझा प्रश्न तिथेच पडून राहिला.

बायको खाली फरशीवर साडी पसरून बसली होती. स्टोनचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. साडीच्या पदरावर नक्षीच्या ठिपक्यांवर आधी गोंदाचे थेंब ठेवत जायचे. मग ताटलीत ओतलेल्या टिक्क्यांतली एकेक टिक्की काडीच्या टोकाने उचलायची आणि गोंद सुकायच्या आत थेंबावर बसवायची. तोंड वर असलेली टिक्की उचलायची, उलटी पडलेली आधी सुलटी करायची. हे सगळं ती खाली न बघता करू शकते आणि करताना टीव्ही बघते. पडद्यावर हल्कने एक अख्खा वृत्तपत्रांचा ठेला उडवला आणि शे-सव्वाशे नाणी लकाकत जमिनीवर सांडली. ती म्हणाली, “याला म्हणावं ये इकडे. ताटलीतल्या टिक्क्या सांडल्या तर मलाच वेचाव्या लागतात. ह्याचं कोण वेचतं?” चिरंजीव म्हणाले, की स्पायडरमॅन वेचतो, तो हल्कच्या मागोमाग असतो. हे ऐकून तिने जो उसासा सोडला त्यावरून घरातला हल्क कोण आणि स्पायडरमॅन कोण, याविषयी तिचं मत आधीच पक्कं झालेलं असावं.

आई लोखंडी पलंगावर माळ घेऊन बसली होती. पडद्यावर नवा माणूस आला की तिचा ठरलेला प्रश्न: “हाऊ कोन शे?” चिरंजीव सांगत. हा थॉर, हा वुल्व्हरिन, ही ब्लॅक विडो. आईला नावांशी देणंघेणं नव्हतं, तिला घराणं कळायला हवं होतं. याचा बाप कोण, याला भाऊ किती, लग्न झालं का. थॉरचा भाऊ लोकी आणि तोच त्याच्या मुळावर उठलेला, हे कळल्यावर तिने मान हलवली; ते तिला लगेच पटलं. भावकी म्हटल्यावर सांगावं लागत नाही. हल्क चिडतो तेव्हाच हिरवा होतो आणि शांत झाला की साधा चष्मेवाला बॅनर होतो, हे पाहून तिने मेहुण्याकडे एकदा नीट पाहिलं. गॅलॅक्टसचं मात्र तिला वाईट वाटलं. ग्रहच्या ग्रह खातो कारण त्याची भूक भागत नाही, असं नातवाने सांगितलं. ती म्हणाली, इतक्या लांबून आलाय, मारता काय त्याला, आधी पोटभर वाढा. सुरतेत येऊन कोणी उपाशी जातं का? गॅलॅक्टसला लोचो आणि घारी देऊन परत पाठवावं, असा ठराव तिने मांडला आणि मला तो डॉक्टर डूमच्या योजनेपेक्षा स्वस्तातला वाटला.

आईच्या लेखी या सगळ्यांवर एकच माणूस भारी, तो मारुती. सूर्याला फळ समजून झेप घेणारा मुलगा असताना लोखंडी कपडे घालून उडणाऱ्याचं कौतुक कशाला, असं तिचं म्हणणं. तिला सांगितलं, की मारुतीचाही खेळ निघाला होता. २००९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणला. हैदराबादच्या कंपनीने बनवलेला आणि भारतात तयार झालेला पहिला प्लेस्टेशन खेळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. लगेच अमेरिकेतल्या नेवाडाहून राजन झेड यांनी आक्षेप घेतला, की भक्ताने देवाला बटणं दाबून चालवणं बरोबर नाही. मला वाटलं आई झेड यांच्या बाजूने उभी राहील. ती म्हणाली, शनिवारी तेल वाहतो, रुईची माळ घालतो आणि पोराची परीक्षा, नवऱ्याची नोकरी, गुडघ्याचं दुखणं असं सगळं त्याच्यावर टाकून येतो, तेव्हा चालवतोच की आपण त्याला. बटणं असती तर तेल तरी वाचलं असतं. सगरामपुऱ्यातल्या क्षेत्रपाळ हनुमानापुढची शनिवारची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांनी या मुद्द्याला उत्तर द्यावं.

आमच्या पिढीचा नायक शक्तिमान. १३ सप्टेंबर १९९७ ला तो दूरदर्शनवर आला आणि त्याच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ नावाचा एक उपदेशाचा तुकडा असे. दात घासा, खोटं बोलू नका, कचरा टाकू नका. गोल गोल फिरून आभाळातून आलेला माणूस शेवटी येऊन मास्तरांसारखंच बोलायचा. २००८ मध्ये पोगोवर आलेला छोटा भीम उपदेश कमी करतो, लाडू जास्त खातो, म्हणून पोरांना तो जवळचा वाटतो. लेगोच्या खेळात उपदेशाचा पत्ताच नाही. २०१२ पर्यंत तर या लेगो खेळांतली माणसं बोलतही नसत, नुसतं हूं-हूं करत आणि खुणांनी सगळी गोष्ट उरकत. लेगो बॅटमॅनच्या दुसऱ्या भागापासून त्यांना वाचा फुटली. तरीही ती शिकवत काही नाहीत. ही उणीव कुटुंबाने भरून काढायची, असं आमच्या घरी न बोलताच ठरलं. आबा दर पाच मिनिटांनी म्हणत, “बघ, एकीचं बळ.” मी म्हणे, “बघ, खर्च जपून करावा.” चिरंजीव म्हणत, “थोडं सरका, दिसत नाही.”

आता भाषेकडे वळू. या खेळात एकही वावगा शब्द नाही. फार तर सुपरहीरो एकमेकांची टिंगल करतात. पण समोरच्या फ्लॅटमधले काका, अस्सल सुरती, जरीच्या धंद्यातले, कोल्ड कोकोची थंडगार बाटली घेऊन रोज साडेनऊला येऊन बसू लागले. ज्यांना सुरती माणूस माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सुरती माणसाच्या तोंडची शिवी ही शिवी नसते, तो श्वास असतो. पंखा फिरला नाही की तो येतो, लोचो चांगला झाला की तो येतो, जुना मित्र भेटला तर दोनदा येतो. तो कोणावर खरोखर चिडला की मात्र एकदम शुद्ध आणि सभ्य बोलू लागतो; तेव्हा जपावं. काका स्पायडरमॅनवर प्रसन्न होते. त्याने दोन इमारतींमध्ये जाळं टाकून झोका घेतला की त्यांच्या तोंडून त्याची, त्याच्या आईची आणि न्यूयॉर्कच्या नगरपालिकेची अत्यंत प्रेमळ चौकशी निघे. बायको स्टोन लावता लावता खोकायची. चिरंजीवांना खोकल्याचा अर्थ कळत होता आणि काकांच्या शब्दांचाही. फुग्याचं ते चित्र डबीवर नव्हतं. पण सोफ्यावर कोण बसणार हे त्या लोकांनी विचारलंच कुठे होतं?

दोघांनी मिळून खेळण्याची सोय हा या खेळाचा मोठेपणा. दुसरा कंट्रोलर जोडला की दुसरा माणूस केव्हाही आत शिरतो आणि केव्हाही बाहेर पडतो. दोघे जवळ असतील तर पडदा एकच. लांब गेले की मधोमध एक रेघ उमटते आणि पडदा दुभंगतो. ही रेघ जागची हलते, तिरकी होते, माणसं पुन्हा जवळ आली की पुसली जाते. अंमळनेरच्या आमच्या शेतातल्या बांधाला एवढी अक्कल असती तर चुलत्यांची तीन पिढ्यांची कोर्टकचेरी वाचली असती.

मेहुणा हा आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू निघाला, आणि त्याचं श्रेय पांडेसऱ्याला. बारा तासांच्या पाळीत एकाच वेळी कितीतरी लूम सांभाळायचे, कुठल्या लूमची तार तुटली ते त्या खडखडाटात ओळखायचं, धावत जाऊन गाठ मारायची आणि तोवर दुसरीकडे काय चाललंय यावर एक डोळा ठेवायचा. असल्या माणसाला डॉक्टर डूमचे चार गुंड चार बाजूंनी आले तर काय वाटणार? त्याला फक्त हळू बोलता येत नाही. आयुष्यभर यंत्रांवरून ओरडून बोलल्यामुळे तो “मीठ दे”सुद्धा हल्कच्या आवाजात म्हणतो. खेळातली एक गंमत त्याने पहिल्या रात्रीच शोधून काढली: साथीदारालाही ठोसा मारता येतो. एकदा चुकून मारला. दुसऱ्यांदा बघायला मारला. त्यानंतर जग वाचवण्याचं काम मागे पडलं आणि आयर्न मॅन व कॅप्टन अमेरिका, म्हणजे मी आणि मेहुणा, भर चौकात एकमेकांचे ठोकळे उडवू लागलो. लग्नातल्या मानपानाचा जुना हिशेब त्या रात्री पुष्कळसा चुकता झाला. कंट्रोलर ज्याचा होता तो पलंगाच्या कडेला बसून आपली पाळी कधी येते याची वाट पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मी मार्केटात शेठजींना हा खेळ सांगितला. त्यांना दुसरंच दिसलं. सुरतेत जे जगात गाजतं ते साडीवर येतं. २०२२ मध्ये ‘पुष्पा’ सिनेमाच्या छापाच्या साड्या इथूनच निघाल्या होत्या. शेठजींनी फोनवर हल्कचं चित्र मागवलं, बोटांनी मोठं केलं आणि म्हणाले, “मेहंदी कलर छे, चालशे.” सुपरहीरोंच्या पाठीवर फडफडतो तो कपडा पॉलिस्टरच असणार आणि पॉलिस्टर म्हटलं की सुरतेला कोण मागे टाकणार, हेही त्यांनी ऐकवलं. मार्व्हलचे वकील साडीबद्दल काय म्हणतील, असं मी विचारलं. ते म्हणाले, “थोडो लीलो बदली नाखीशुं.” म्हणजे हिरवा थोडा बदलून टाकू.

आणि मग एका रात्री चिरंजीवांना ती जागा सापडली जिथे स्वतःचा सुपरहीरो तयार करता येतो. डोकं निवडा, केस निवडा, अंगरखा, हातातलं हत्यार, अंगातली शक्ती. उधन्याच्या मराठी पोराने पहिलं नाव कोणाचं घ्यावं हे सांगायला नको. १६६४ च्या जानेवारीत महाराज गणदेवीकडून उधन्यावरूनच सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाज्यापाशी आले होते. म्हणजे आमच्या घरावरून, असं चिरंजीव शाळेत सांगतात आणि इतिहासाच्या दृष्टीने ते फारसं चूक नाही. मुघलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. महाराजांनी निरोप धाडला होता, की वीरजी व्होरा आणि हाजी सैय्यद बेग यांच्यासारख्या बड्या सावकारांना घेऊन येऊन बोलणी करा. बोलणी झाली नाहीत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मात्र कापुचिन पाद्री फादर ॲम्ब्रोज यांच्या मठाला आणि दानशूर म्हणून नाव असलेल्या मोहनदास पारेखांच्या घराला हात लावला नाही, हे चिरंजीवांना नव्याने कळलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे महाराज बाकडी फोडत नव्हते?” आबा म्हणाले, “कोणाचं फोडायचं आणि कोणाचं नाही, हे कळत होतं म्हणून तर ते महाराज.” हल्कबद्दल मला जे इतके दिवस सांगायचं होतं ते आबांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

समोरचे काका कोकोचा घोट घेत ऐकत होते. दर शिवजयंतीला आम्ही त्यांना पेढे देतो आणि दर शिवजयंतीला ते पेढा तोंडात टाकून म्हणतात, की तुमच्या महाराजांकडे आमचं येणं बाकी आहे. मी नामं लिहिणारा माणूस. साडेतीनशेहून जास्त वर्षं वसूल न झालेल्या रकमेचं काय करायचं ते मला माहीत आहे. मी दर वर्षी सांगतो, “काका, घालखाध, म्हणजे बुडीत, लिहून टाका.” ते म्हणतात, “लखी नाखत, पण वीरजीभाईनी सही जोईए.” वीरजी व्होरांची सही आता कोण आणणार? या एका खात्यावर आमचा शेजार उत्तम चालला आहे.

तर महाराज. दाढी मिळाली, तलवार मिळाली, जिरेटोप काही मिळेना. चिरंजीव एकेक टोपी चढवून पाहत होते. थॉरचं पंखाचं शिरस्त्राण चढलं तेव्हा आबा उठून उभे राहिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “याला मार बसला तर याचेही तुकडे होणार?” चिरंजीव गप्प झाले. “मग नको.” खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं. काकांनाही. त्यांनी त्यावर मत दिलं ते सुरतीत होतं, पण ठरावाच्या बाजूने होतं.

अर्धवट तयार झालेला तो माणूस पडद्यावर तसाच उभा होता. चिरंजीवांनी तलवार काढून घेतली. दाढी काढली. डोक्यावरचे केस काढून टक्कल बसवलं, चष्मा लावला, पांढरा शर्ट घातला. “पप्पा,” त्यांनी जाहीर केलं. शक्तींची यादी उघडली. उडणं होतं, भिंती भेदून पाहणं होतं, विजेचा लोळ फेकणं होतं. माझ्या मनात उडणं होतं. माझी शक्ती घरच्यांनी ठरवावी असं निघालं आणि एकही शक्ती बहुमताने मंजूर होईना. बायको म्हणाली, लवकर घरी येणं आहे का यादीत? ते नव्हतं. शेवटी पप्पा बिनशक्तीचेच न्यूयॉर्कला उतरले आणि मेहुण्याच्या हल्कने त्यांना उचलून एका बसवर आपटलं. तुकडे झाले. नाणी सांडली. सगळ्यांत जास्त काका हसले. माझी नाणी वेचायला स्पायडरमॅन कोण झालं होतं ते सांगतो: आई. माळ बाजूला ठेवून तिने नातवाकडून कंट्रोलर मागून घेतला होता आणि कुठलं बटण कशाचं हे न विचारता ती चांदीची नाणीसुद्धा सोडत नव्हती. खानदेशातून आलेली बाई, पडलेलं सोडणार कशी?

खेळ चांगला आहे, हे मी माझ्या हिशेबाने सांगतो. रक्त नाही, आरडाओरडा आहे तो आमचाच. हरणाऱ्याला लाज वाटू देत नाही, कारण कोणी फार वेळ हरलेलं राहतच नाही. कोडी बरी आहेत. एकाला फोडता येतं, दुसऱ्याला जोडता येतं, तिसऱ्याला उडता येतं आणि तिघांची पाळी आल्याशिवाय दार उघडत नाही. खेळताना मुलगा दीड तास शांत असतो, डोकं चालवतो, हसतो. त्यात वाईट म्हणावं असं जे काही शिरलं ते सोफ्यावरून शिरलं. आमच्या घरी हल्ली मुलाचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो. आधी मामा पाळीवर जायच्या अगोदर खेळून घेतो, मग आजीची नाणी, मग काकांचा झोका. मी हिशेब तपासायला म्हणून बसतो तो उठतच नाही.

तेव्हा घेणार असाल तर जरूर घ्या. जुना असल्यामुळे आता बराच स्वस्त मिळतो. दुसरा कंट्रोलर वेगळा विकत घ्यावा लागतो, त्यात मात्र कंजुषी करू नका. तो घेऊन थेट शेजारच्या मुलाच्या हातात द्या, दोघांना खोलीत बसवा, आणि तुम्ही, मी, मामा, काका असे सगळे मिळून बाहेर लोचो खायला जा.